सेलबोर्नच्या पायवाटा

विलायतेच्या प्रवासवर्णनांत लंडनचा टॉवर, वेस्टमिन्स्टर आणि ऑक्सफर्ड इतक्या वेळा येऊन गेली आहेत की त्यांविषयी आम्ही आणखी काही सांगू लागलो, तर श्रोते उठून जातील. आणि त्यांचे चुकले असे आम्हांला म्हणता येणार नाही. म्हणून आजचा विषय आम्ही मुद्दाम लहान निवडला आहे. एक खेडे आणि त्या खेड्याभोवतीच्या पायवाटा. विषय लहान असला तरी त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. जमीन एकाची आणि तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांचा, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? इंग्रज लोकांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात दोनशे वर्षे घालविली आहेत, आणि ते उत्तर अजून पुरे झालेले नाही.

खेड्याचे नाव सेलबोर्न. ते हॅम्पशर परगण्यात, लंडनच्या नैऋत्येस सुमारे पन्नास मैलांवर आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून निघालेली आगगाडी आल्टन येथे थांबते, आणि तेथून सेलबोर्न चार-पाच मैल राहते. या गावाला जी कीर्ती मिळाली ती गिल्बर्ट व्हाईट या एका माणसामुळे. तो १७२० साली याच गावी जन्मला आणि १७९३ साली याच गावी वारला. तो चर्चमधला क्युरेट, म्हणजे मुख्य धर्मोपदेशकाचा मदतनीस. गावचा मुख्य उपदेशक तो कधीच झाला नाही. पण गावच्या पक्ष्यांविषयी, झाडांविषयी, पावसापाण्याविषयी त्याने दोन विद्वान मित्रांना जी पत्रे लिहिली, त्यांचे पुस्तक १७८९ साली निघाले आणि ते आजतागायत छापले जात आहे. दिसायला जवळजवळ सारख्या अशा तीन इवल्या पक्ष्यांच्या जाती त्याने केवळ आवाजावरून निराळ्या ओळखल्या. हे काम घरात बसून होण्यासारखे नव्हते. त्याच त्या वाटांनी वर्षानुवर्षे, सकाळी आणि संध्याकाळी, कान उघडे ठेवून चालल्यावाचून ते साधत नाही. म्हणून आम्हांला व्हाईट हा शास्त्रज्ञ वाटण्याआधी एक चालणारा माणूस वाटतो.

गावाची ठेवण समजली की वाटा समजतात. पश्चिमेला खडूच्या दगडाची एक लांबच लांब टेकडी आहे, गावापासून सुमारे तीनशे फूट उंच. तिच्या गावाकडील उभ्या उतारावर बीच वृक्षांचे दाट रान आहे. उतारावर लटकल्यासारखे दिसते म्हणून असल्या रानाला तिकडे हँगर म्हणतात. टेकडीच्या पायथ्याशी एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव पसरले आहे. गावाखालचा दगड निराळा, पांढुरका आणि ठिसूळ. हवापाण्याने त्याचा भुगा होतो आणि त्याची चांगली माती बनते. आणखी पूर्वेला गेले की वाळूची, झुडपांची, नापीक अशी वुल्मरच्या जंगलाची जमीन लागते. तीन-चार मैलांच्या चालीत पायाखालची भूमी तीन वेळा बदलते. आणि भूमी बदलली की वाटेचा स्वभावही बदलतो.

पहिली वाट पाहा ती पाणंदीची. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ज्यांचे बालपण गेले त्यांना पाणंद म्हणजे काय हे सांगायला नको. दोन्ही बाजूंनी उंच बांध, मध्ये गाडीची चाकोरी, आणि पावसाळ्यात तीच ओढ्याची वाट. सेलबोर्नहून आल्टनकडे जाणारा जुना मार्ग असाच होता. ठिसूळ दगडावर शेकडो वर्षे गाड्यांची चाके फिरली; सुटलेला भुगा पावसाने वाहून नेला; पुन्हा चाके, पुन्हा पाऊस. व्हाईटच्या काळी ही वाट काही ठिकाणी शेताच्या पातळीखाली सोळा ते अठरा फूट गेली होती. रस्त्यापेक्षा ओहोळच अधिक, अशी तिची स्थिती त्याने वर्णिली आहे. दोन्ही भिंतींतून झाडांची मुळे लोंबत असत, आणि थंडीत त्यांवर बर्फाचे सुळे धरत. वरच्या वाटेवरून खाली डोकावणाऱ्या स्त्रिया भीत असत आणि भित्रे घोडेस्वार शहारत असत असेही तो सांगतो. त्याला मात्र ही जागा प्रिय होती, कारण असल्या ओलसर सावलीत नेच्यांच्या निरनिराळ्या जाती सापडत. मुख्य रहदारी पुढे नव्या रस्त्याने जाऊ लागली. जुन्या पाणंदींचे जे तुकडे राहिले, त्यांतून आता पायी चालणारेच जातात. आम्ही एका दुपारी अशा एका पाणंदीत उतरलो. वर ऊन होते, आत दिवेलागणीइतका अंधार. ही वाट कोणी बांधली नाही. ती वापरून वापरून झाली. इंग्लंडातील बहुतेक पायवाटांचा जन्म असाच आहे.

दुसरी वाट याच्या अगदी उलट. ती मुद्दाम केलेली आहे, आणि केव्हा केली हेही ठाऊक आहे. १७५३ साली गिल्बर्ट व्हाईट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी हँगरच्या उभ्या उतारावर नागमोडी वाट खोदविली. तिला झिगझॅग म्हणतात. ती अजून आहे, आणि गावातील सेलबोर्न आर्म्स या मद्यगृहाच्या मागून तिच्याकडे जाता येते. दर थोड्या पावलांवर वळण. प्रत्येक वळणावर गाव थोडे अधिक खाली गेलेले दिसते. उन्हाळ्यात हा चढ पोराबाळांचा खेळ आहे, पण पावसानंतर ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. बरोबरच्या मंडळींसमोर आमची जी गत झाली ती येथे सांगण्यासारखी नाही. पुढे याच उतारावर तिरप्या, सौम्य चढाची दुसरी वाट काढण्यात आली. वयस्कर माणसांनी तीच धरावी. माथ्यावर गावचे सामाईक रान आहे. तेथे गावकऱ्यांना गुरे चारण्याचे हक्क असत. आज ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे आणि सर्वांना खुले आहे.

तिसरी वाट आम्हांला सर्वांत आवडली. गावचे छोटे मैदान, त्याला प्लेस्टर म्हणतात, तेथून ती चर्चच्या आवारात शिरते. या आवारात एक प्रचंड यू वृक्ष होता. व्हाईटने मापला तेव्हा त्याच्या बुंध्याचा घेर तेवीस फूट भरला होता. १९९० च्या जानेवारीतील वादळात तो उन्मळून पडला. त्याला पुन्हा उभा करून जगविण्याचा प्रयत्न झाला, पण तो जगला नाही. त्याच्याच फांदीपासून वाढविलेले रोप आता तेथे आहे. व्हाईटची समाधी शोधू लागलो तर पटकन सापडत नाही; एका साध्या दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि मृत्यूचा दिवस, एवढेच. तेथून वाट उतरून ओढ्यावरच्या पुलावरून जाते आणि लिथ नावाच्या रानउतारांतून, ओढा उजव्या हाताला ठेवून, पुढे सरकते. एप्रिलअखेर येथे झाडांखाली रानलसणीची पांढरी फुले असतात आणि सबंध रानाला फोडणीच्या लसणाचा वास येतो. मैल-दीड मैलावर एक शेतवाडी लागते. तेराव्या शतकात विंचेस्टरच्या बिशपने स्थापलेला ख्रिस्ती मठ येथे होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो मोडला आणि त्याची मिळकत ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेली. मठ जाऊन पाचशे वर्षे झाली, भिंती गेल्या, दगड लोकांनी नेले, पण मठाकडे जाणारी वाट राहिली आहे.

या वाटा करमणुकीसाठी झालेल्या नाहीत हे येथे सांगितले पाहिजे. शहरी माणसाला पायवाट म्हटले की सहल आठवते. पण या वाटांवरून मजूर कामाला गेला, बाई पाण्याला आणि सरपणाला गेली, प्रेत चर्चला गेले. १८३० च्या नोव्हेंबरात दक्षिण इंग्लंडातील शेतमजुरांचा असंतोष भडकला तेव्हा सेलबोर्नच्या मजुरांनी उपदेशकाला दशमांशाचा कर कमी करावयास भाग पाडले आणि गावचे वर्कहाऊस, म्हणजे निराधार दरिद्री लोकांना कामाला जुंपणारे घर, मोडून टाकले. दुसऱ्या दिवशी जमाव हेडली गावी चालत गेला आणि तेथेही तेच केले. पुढे खटले झाले आणि काहींना ऑस्ट्रेलियात हद्दपार केले. व्हाईटच्या पुस्तकातले शांत सेलबोर्न आणि हे सेलबोर्न एकच, त्या दोहोंत चाळीस वर्षांचे अंतर.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडात सार्वजनिक पायवाट ही कायद्याच्या दृष्टीने राजरस्त्याचाच एक प्रकार आहे. तिच्यावर फक्त पायी जाता येते, एवढाच फरक. जमीन शेतकऱ्याची, पीक शेतकऱ्याचे, पण त्या पट्टीवरून जाण्याचा हक्क प्रत्येकाचा. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता असतो; तो अडविला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते. परंतु आपली वहिवाट बहुधा एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेतातून आपल्या शेतात जाण्यासाठी असते. इंग्रजी पायवाटेवर चालणाऱ्याला तसे कारण लागत नाही. पुण्याहून गेलेला, त्या गावात कोणाला न ओळखणारा माणूससुद्धा गव्हाच्या मधोमध ताठ मानेने चालू शकतो, आणि त्याला "कोठे निघालात?" असे विचारण्याचा अधिकार मालकाला नाही.

हा हक्क उत्पन्न कसा होतो, हा भाग फार मार्मिक आहे. लोक एखाद्या वाटेने अखंड वीस वर्षे चालत आले असतील, तर मालकाने ती वाट लोकांस अर्पण केली असे कायदा धरून चालतो. मात्र त्या चालण्याला तीन अटी आहेत. ते बळजबरीचे नसावे, चोरून नसावे, आणि परवानगीने नसावे. पहिल्या दोन अटी कोणासही पटतील; तिसरी ऐकून माणूस चमकतो. पण विचार केला की तीच खरी गाभ्याची आहे. ज्याने परवानगी मागितली त्याने, ही वाट आपली नव्हे, हे कबूल केले. म्हणून सावध मालक लोकांना अडवीत नाही. तो 'मालकाच्या अनुमतीने' अशी सौजन्यपूर्ण पाटी लावतो, आणि त्या सौजन्यात लोकांचा हक्क जन्मण्यापूर्वीच संपतो. वर्षातून एखादा दिवस फाटक बंद ठेवण्याची युक्तीही याच जातीची. तथापि एकदा हक्क सिद्ध झाला की तो नुसत्या न वापरण्याने नष्ट होत नाही. तो कायदेशीर आदेशानेच बंद करावा लागतो.

आमच्या फिरतीत एक प्रसंग घडला. शेत कोणाचे ते सांगत नाही. नकाशात वाट शेतातून सरळ जात होती. समोर पाहावे तो छातीइतके उंच, पिवळ्या फुलांचे, मोहरीच्या जातीचे तेलबियांचे पीक. वाटेचा मागमूस नाही. आपल्या संस्काराप्रमाणे आम्ही बांधाच्या कडेने जाऊ लागलो. मागून काठी घेतलेल्या एक वृद्ध बाई येत होत्या, त्यांनी आम्हांला थांबविले. त्यांचे म्हणणे असे की, कडेने गेलात तर तुम्ही परक्याच्या जमिनीत शिरलात. पिकातून गेलात तर तुम्ही वाटेवर आहात. आणि त्या शांतपणे पिकात शिरल्या. उभे पीक तुडविताना आमचा जीव खालीवर होत होता हे कबूल केले पाहिजे. पण कायदा त्यांच्या बाजूचा होता. शेतातून जाणारी वाट नांगरण्याची मुभा शेतकऱ्याला आहे. मात्र पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि पीक वाढले तरी निदान एक मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवावी लागते. १९९० च्या कायद्याने हे नियम नक्की झाले. पलीकडे पोहोचल्यावर बाईंनी खिशातून वही काढून दिवस, वेळ आणि शेताची खूण लिहून घेतली. घरी गेल्यावर काउंटी कौन्सिलला पत्र जाणार होते.

अशा बारीकसारीक नियमांचे तेथे मोठे भांडार आहे. कुंपण ओलांडण्यासाठी ज्या लाकडी पायऱ्या असतात, त्या मालकाने सुस्थितीत ठेवावयाच्या. मात्र खर्चाचा निदान चौथा हिस्सा त्याला सरकारी अधिसत्तेकडून मागता येतो. दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू पायवाटेच्या शेतात मोकळा सोडता येत नाही. मांसासाठी पाळलेल्या जातीचा सोडता येतो, पण बरोबर गाई असल्या पाहिजेत! समोरून येणारा वळू कोणत्या जातीचा हे आमच्यासारख्याने कसे ओळखावे, याविषयी कायदा मौन पाळतो. वाटेच्या खांबांवर बाणाच्या खुणा असतात: पिवळा बाण पायी जाणाऱ्यांसाठी, निळा बाण म्हणजे घोडेस्वारालाही मुभा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याच्या पंचवीस हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखविलेल्या असतात. तो नकाशा आणि चिखलाचे बूट, एवढ्या सामग्रीवर परका माणूस सबंध परगणा हिंडू शकतो.

हे सारे आयते मिळालेले नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सामाईक जमिनींना कुंपणे पडत गेली आणि त्यांबरोबर जुन्या वाटाही गिळल्या गेल्या. १८१५ च्या कायद्याने तर दोन न्यायाधिकाऱ्यांना एखादी वाट 'अनावश्यक' ठरवून बंद करता येऊ लागली. आणि हे न्यायाधिकारी स्वतःच जमीनदार असत. मँचेस्टरच्या नागरिकांनी १८२६ साली जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी संस्था काढली. १९३२ च्या २४ एप्रिलला हेफील्ड गावाहून चारेकशे तरुण कामगार किंडर स्काउटच्या पठारावर बंदी मोडून चढले आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. किंडरचा लढा वस्तुतः वाटांचा नव्हता, उघड्या माळरानावर मोकळे हिंडण्याचा होता, आणि तो हक्क कायद्याने मिळण्यास २००० साल उजाडावे लागले. पण त्या तुरुंगवासाने लोकमत हलले. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांचा कायदा झाला. त्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतील सर्व वाटांचा 'निर्णायक नकाशा' करण्यास सांगितले. गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांची माणसे वाटा चालून याद्या करू लागली. या नकाशावर जी वाट आली तिच्याविषयी वाद संपला. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटांची लांबी आज सुमारे सव्वादोन लक्ष किलोमीटर भरते.

परंतु याद्या माणसांनी केल्या. कोठे कौन्सिलात जमीनदाराचेच वजन होते, कोठे कंटाळा होता, कोठे 'ही वाट तर सर्वांनाच ठाऊक आहे, लिहायची कशाला?' असे म्हणून ती राहिली. २००० सालच्या कायद्याने या राहिलेल्या ऐतिहासिक वाटांना मुदत घातली: १ जानेवारी २०२६ पर्यंत जी नोंदली जाणार नाही तिच्यावरचा हक्क, काही अपवाद सोडून, कायमचा जाईल. तेव्हा पायी चालणाऱ्यांच्या रॅम्बलर्स या संस्थेने जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून तपासण्यासाठी लोकांना हाक दिली. हजारो लोकांनी घरी बसून हे काम केले, आणि इंग्लंड व वेल्समध्ये एकोणपन्नास हजार मैलांहून अधिक लांबीच्या वाटा नोंदीतून सुटल्या असाव्यात, असे २०२० साली दिसून आले. सरकारची भूमिका मात्र डळमळत राहिली. २०२२ साली मुदत रद्द करण्याचे जाहीर झाले; २०२३ साली ती रद्द न करता २०३१ पर्यंत लांबविण्याचे ठरले; आणि २०२४ च्या डिसेंबरात नव्या सरकारने ती इंग्लंडात पूर्णच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला.

सुटलेली वाट सिद्ध करायची म्हणजे दप्तरात शिरायचे. १८३६ च्या कायद्यानंतर दशमांशाच्या करासाठी झालेले गावनकाशे पाहायचे. कुंपणबंदीचे निवाडे पाहायचे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या आवृत्त्या पाहायच्या. सर्वांत गमतीचा पुरावा १९१० च्या जमीनकराचा. त्या वेळी प्रत्येक जमिनीची किंमत ठरविण्यात आली, आणि जमिनीतून सार्वजनिक वाट जात असेल तर किमतीत सूट मिळे. म्हणजे त्या साली ज्या मालकांनी सुटीसाठी 'होय, आमच्या शेतातून वाट जाते' असे लिहून दिले, त्यांची ती कबुली शंभर वर्षांनंतर त्यांच्या वारसांपुढे ठेवता येते. ही दप्तरे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ती कोणालाही पाहता येतात.

सेलबोर्न २०१० पासून साउथ डाउन्सच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, त्यामुळे तेथील वाटांची निगा बरी आहे. ज्याला एका दिवसापेक्षा अधिक सवड असेल त्याने 'हँगर्स वे' हा एकवीस मैलांचा मार्ग धरावा. तो आल्टनच्या स्थानकापासून निघून सेलबोर्नवरून दक्षिणेस जातो. वाटेत नोअर हिल लागतो. मध्ययुगात तेथे खडू खणला, आणि त्या जुन्या खड्ड्यांत आता दुर्मिळ ऑर्किड व फुलपाखरे सापडतात. पुढे स्टीप हे गाव, जेथे पहिल्या महायुद्धात पडलेला कवी एडवर्ड थॉमस राहत असे. आम्ही नोअर हिलपर्यंतच गेलो. तेथून परतताना पुन्हा त्या पिवळ्या शेताशी आलो, तेव्हा पिकात एक वीतभर रुंदीची रेघ पडलेली दिसली. सकाळपासून आणखी चार-दोन माणसे तेथून गेली असावीत. या वेळी कडेने जाण्याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही.